पुण्याची ती मुलगी

नंदू,

तू गेल्यावर तुझ्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येक अनोळखी बाईकडे वैशाली टक लावून बघत होती. लोकांना वाटलं, बिचारी सुन्न झाली आहे. मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसले होते, म्हणून मला कळत होतं की ती शोधते आहे. तुझ्या तंत्रनिकेतनातल्या ग्रंथपाल बाई आल्या, तुझ्या विद्यार्थिनी घोळक्यानं आल्या, गल्लीतली कोणाची तरी नवी सून आली. वैशाली प्रत्येकीचा चेहरा निरखायची. ती बोलायला लागली की डोळे मिटून तिचा आवाज ऐकायची आणि मग मान खाली घालायची. तुझी बायको तुझ्या दुखवट्यात एका मुलीची वाट बघत होती, आणि ती मुलगी जगात नाही. ती मी बनवली होती. एका वाक्यात, फोनवर, भाजी निवडता निवडता.

तू कधी जन्मलास, कुठे शिकवलंस, किती विद्यार्थ्यांना सोल्डरिंग शिकवलंस, ते तुझ्या स्मरणिकेसाठी इतरांनी लिहिलं आहे आणि चांगलं लिहिलं आहे. मला त्यात भर घालायची नाही. मला तुझ्या त्या एका अल्बमबद्दल बोलायचं आहे. त्यात गाणाऱ्या बाईबद्दल.

तुला आठवत असेल, पहिल्यांदा तू मला ते संगीत ऐकवलंस तेव्हा मी कानावरचे हेडफोन काढून विचारलं होतं, "गिरणीत टेप केलंय का?" गिटार गिटारीसारखी वाजतच नव्हती. डाळ मिलच्या भिंतीला कान लावावा तशी एकच भरीव घरघर, आणि त्या घरघरीच्या पोटात कुठेतरी सूर. मध्येच ती तुटायची. रेंज गेल्यावर व्हिडिओ कॉलमध्ये माणूस अडकतो तसं एक अक्षर अडकायचं, थरथरायचं, तुकडे होऊन विखरायचं आणि पुन्हा पुढे चालू.

"फाइल बिघडलीय रे तुझी."

"बिघडवलीये, अक्का. फार मेहनतीनं बिघडवलीये."

मग तू मला समजावून सांगितलंस. घरघरीला शूगेझ म्हणतात. वाजवणाऱ्याच्या पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग असते, ती पायानं दाबायची, म्हणून तो सारखा खाली आपल्या बुटांकडे बघत उभा राहतो. बघणाऱ्यांना वाटलं हा लाजतोय, आणि 'बुटांकडे बघणारे' हेच नाव पडलं. आणि त्या तुटण्याला ग्लिच म्हणतात.

"म्हणजे लाजाळू लोकांचं संगीत," मी म्हटलं.

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

तुला आवाज हवा होता. गाता गळा नको होता, तो तुला धुळ्यात ढीगभर मिळाला असता. तुला आई दुपारी ओट्यावर उभी राहून आपल्याला हाक मारायची ती हाक हवी होती. "कथा शे तू?" आणि आपण लिंबाच्या झाडामागून ओरडायचो, "आठेच शे." कुठे आहेस, इथेच आहे. एवढंच. आईचा आवाज माझ्या गळ्यात आला आहे हे तू लहानपणापासून म्हणायचास. पण मी गेली कित्येक वर्षं जळगावात मुलांना शुद्ध उच्चार शिकवते. दारावर तशी पाटी आहे. वक्तृत्वाच्या स्पर्धांना जाणारी, खेड्यांतून आलेली मुलं माझ्याकडे 'शे' घेऊन येतात आणि 'आहे' घेऊन जातात. त्यांचे आईबाप त्यासाठीच पाठवतात. तिथे मी अहिराणीत गाऊ?

तू म्हणालास, "अक्का, तू कसाले घाबरस?"

मी उत्तर दिलं नाही. आज देते. मी कॉलेजात पहिल्यांदा भाषणाला उभी राहिले होते आणि बोलता बोलता माझ्या तोंडून 'शे' गेला. सभागृह हसलं असतं तर मी ते विसरले असते. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्या कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड! पुन्हा म्हण ना." आणि नंदू, मी पुन्हा म्हटलं. स्टेजवर, माइकसमोर, पिंजऱ्यातल्या पोपटासारखं. त्या दिवसानंतर मी ते अक्षर तोंडातून हद्दपार केलं. हे मी तुला सांगितलं असतं तर तू मला गळ घातलीच नसतीस. म्हणूनही सांगितलं नसेल. तू आग्रह करावास असं मला आतून वाटत होतं.

मग ते रविवार. मे महिना, खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या, कूलर बंद, कारण कूलर माइकमध्ये येतो. वर्गातल्या फळ्यासमोर मी घामानं निथळत उभी आणि तू जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप पाटावर ठेवून बसलेला. पहिल्यांदा मी गायले तेव्हा तू कपाळाला हात लावलास.

"अक्का, बातम्या नको देऊ."

"मग काय करू?"

"हाक मार. मी हरवलोय असं समज."

मी तू हरवला आहेस असं समजले आणि आईचा आवाज माझ्या तोंडून बाहेर आला. मग तू हळूच म्हणालास, "पाणी पी," आणि मी पाणी प्यायले. त्या दुपारी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात, हे मी आता निःशंकपणे लिहू शकते. एवढ्या मोकळेपणानं मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच खोलीत बोललेले नाही.

पण खोलीबाहेर पडताना मी तुझ्याकडून शब्द घेतला. कोणाला सांगायचं नाही. वैशालीलाही नाही. ती रावेरला माहेरी गेली की चार बायकांत बोलेल, तिथून जळगावात यायला काय वेळ लागतो. तू हो म्हणालास. आणि तू दिलेला शब्द किती पाळतोस, ते मला त्या वेळी कळायला हवं होतं.

तू माझा आवाज वर चढवलास. सूर थोडे वर सरकवले की वय उतरतं म्हणालास आणि मला विशीची करून टाकलंस. मग त्या आवाजावर गिटारींचे थर चढवलेस, एकावर एक, इतके की मी त्यात दिसेनाशी झाले. आणि मग तू ते केलंस, ज्याचं मला अजून हसू येतं. माझ्या गाण्यातले सगळे 'शे' तू कापून वेगळे काढलेस. त्यांची शेपटी छाटलीस, आणि त्या श्-श्-श् मधून अख्ख्या अल्बमचा ठेका बांधलास. ढोलक नाही, झांज नाही. परदेशातल्या कोणीतरी तुला लिहून विचारलं की हा खुळखुळा कुठल्या मशीनवर केला आहे. तू मला फोनवर ते वाचून दाखवलंस आणि म्हणालास, "सांगू का, की हे आमच्या अक्काच्या क्लासमधलं भंगार आहे?"

'आठेच शे' नावानं तो अल्बम आला. ऐकणारे फार नव्हते, पण जे होते ते कान देऊन ऐकणारे होते. त्यांनी लिहिलं की गायिकेचा आवाज धुक्यात हरवलेला आहे, स्वतःलाच शोधतो आहे, वगैरे. आपल्या गावातल्या लोकांची एकच तक्रार, शब्द ऐकू येत नाहीत. तू सगळ्यांना सांगितलंस, ती शैली आहे. मी तुला त्यावरून टोमणा मारला होता, "शैली कसली रे, बहिणीची भीती आहे ती." तू गंभीरपणे म्हणालास, "भीतीचीच तर शैली होते, अक्का. नाहीतर लोक बुटांकडे काबरं बघतील?" हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं की तू मला समजावण्यासाठी तसं म्हणालास. माझा आवाज त्या थरांच्या थोडा वर असता तर ती गाणी अधिक चांगली झाली असती. तू इथे असतास तर माझ्याशी कडाडून भांडला असतास.

आता ते वाक्य.

अल्बम आल्यावर काही दिवसांनी वैशालीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती सहज आवाजात म्हणाली, "ताई, ह्यांच्या गाण्यात ती कोण गाते हो? नावच नाही कुठे."

मी मेथी निवडत होते. मी म्हटलं, "मला काय माहीत. पुण्याची कोणी मुलगी आहे म्हणत होता."

एवढंच, नंदू. ती म्हणाली, "असं का," आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिनं तुला विचारलं. तुला माझी पुण्याची मुलगी माहीतच नव्हती. तू खरं बोललास, "मी शब्द दिलाय, नाव सांगता येत नाही." ही दोन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून बघितली तर कुठल्याही बायकोला जे दिसेल तेच तिला दिसलं.

तू मला फोन केलास तेव्हा आधी हसत होतास. "पुण्याची कुठून काढलीस ग? नाशिकची तरी काढायची, जाण्यायेण्याला सोपी." मग म्हणालास, "निस्तर आता." मी म्हटलं, निस्तरते. मी निस्तरलं नाही. दर वेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर ती म्हणेल, तेव्हाच का नाही बोललात? आणि जितका उशीर केला तितकं ते खरं होत गेलं.

तुम्ही भांडला नाहीत. वैशाली भांडणारी नाहीच. पण पुढच्या अल्बमच्या कामाला तू रविवारी जळगावला यायचास तेव्हा तुझ्या डब्यात आधी माझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची वेगळी पुडी असायची. ती पुडी यायची बंद झाली. मी डबा उघडून बघितला, पुडी नव्हती. का नाही ते मला लगेच कळलं. तू माझ्याकडे येतोस यावर तिचा विश्वास उरला नव्हता. मी डब्याचं झाकण लावलं आणि तुला विचारलं, "चहा टाकू?"

आपलं शेवटचं बोलणं जळगावच्या बसस्थानकावर झालं. धुळ्याची बस लागलेली होती. तू म्हणालास, "अक्का, शब्द मी मोडू शकतो. पण मी मोडण्यापेक्षा तू परत घेतलेला बरा दिसेल."

"पोरांच्या स्पर्धा होऊ दे. मग धुळ्याला येते, निवांत बोलते तिच्याशी."

"पोरांना काय शिकवतेस ग तू? स्पष्ट बोला?"

मी चिडले. तू बसमध्ये चढलास, खिडकीतून हात केलास. मी हात केला नाही. तू रागावून गेला नव्हतास, मीच रागावले होते. हे नीट नोंदवून ठेवते, कारण लोक आता मला सांगतात की तो मनात काही ठेवून गेला नसेल. तू काही ठेवलं नव्हतंस. जे होतं ते माझ्याकडे होतं.

सगळे विधी झाले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. वैशाली ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ती आली नाही ना?"

"कोण?"

"पुण्याची. मी म्हटलं, निदान एकदा तरी येईल. तिला कोणी कळवलं नसेल का? मला राग नाही आता. तिला कळायला पाहिजे ना हो."

नंदू, मी स्टुलावर बसले होते ती उठून उभी राहिले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"वैशाली, पुण्याची कोणी नाही. ती मी आहे. ती गाणी मी गायली."

तिचं लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"ताई, मले खोटं सांगू नका." राग आला की ती तिच्या माहेरच्या बोलीवर जाते, तुला माहीत आहे. "तुमी मोठ्या आहा. मले बरं वाटावं म्हणून कायबी सांगाल. ते राहू द्या."

याची मला कल्पनाच नव्हती. मी इतकी वर्षं कबुलीला घाबरत होते, आणि कबुली दिली तर ती सांत्वन वाटली. मी गायले. तिथेच, ओट्याशी, तव्यावर पोळी असताना. चांगली गायले. वैशालीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हा तिचा आवाज नाही. तिचा कोवळा आहे." खरंच होतं. तू काम इतकं चोख केलं होतंस की मला माझाच आवाज परत मागता येईना. मी सूर वर सरकवल्याचं सांगितलं, थर चढवल्याचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एक थकलेली दया होती. तिला वाटत होतं, नणंद भावाची अब्रू राखते आहे.

मग तिनंच हात पुसले आणि फोनवर ते गाणं लावलं. मला गप्प करायला लावलं असावं. तेच, "आभाळ भरनं, घर चाल." आम्ही दोघी उभ्या राहून ऐकत होतो. घरघर, तुटकी अक्षरं, ठेका. पहिली ओळ येऊन गेली. वैशालीनं फोन उचलला, ओळ मागे नेली, पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली.

"ही 'आभाळ' म्हणते," ती म्हणाली.

"हो."

"अहिराणीत आभाय म्हणतात. ह्यांची आई आभायच म्हणायची. पुण्याची असती तर तिला 'भरनं' म्हणता आलं नसतं. आणि इकडची असती तर 'ळ' आला नसता." ती माझ्याकडे वळली. "हा ळ तुमचा आहे."

ती चूक होती, नंदू. सगळी ओळ आईची आणि मधला एक ळ माझ्या क्लासचा. जीभ सवयीनं मागे वळली होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी म्हटलंही होतं, पुन्हा घे. तू घेतलं नाहीस. बाकी सगळ्या शब्दांचे तू तुकडे केलेस, तेवढा एक शब्द अख्खा ठेवलास.

वैशाली खाली बसली. तिथेच, फरशीवर. मग मला म्हणाली, "लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी 'केयी' म्हटलं. आठवतं तुम्हाला? तुम्ही घरातल्या बठ्ठ्या बायकांसमोर मला थांबवलं. केयी नाही, केळी. जीभ अशी मागे घे. माझ्या बापाची केळीची बाग, ताई, आणि त्या फळाचं नाव मला तुम्ही शिकवलं. मी महिनाभर आरशासमोर म्हणत होते. तो ळ मी कसा विसरेन?"

मला ते आठवत नव्हतं. हेही लिहायला हवं, की मला ते अजिबात आठवत नव्हतं.

पोळी जळाली होती. मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर फरशीवर बसले. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी विनाकारण ह्यांच्यावर रागावले."

"माझ्यावर रागाव."

"तुमच्यावर तर रागावणारच आहे. बरेच दिवस रागावणार आहे. पण ह्यांच्यावर रागवायची सवय झालीये, ताई. त्या सवयीवर मी दिवस काढत होते. आता काय करू तिचं?"

मी उत्तर बनवून दिलं नाही. ही एक गोष्ट मी त्या दिवशी बरोबर केली.

त्यानंतर बरंच झालं आहे. वैशालीनं तुझा लॅपटॉप उघडून अल्बमच्या पानावर माझं नाव टाकलं, मी शेजारी बसून स्पेलिंग सांगितलं. माझ्या क्लासमधल्या एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, ते गाणं तुमचं म्हणतात?" मी म्हटलं, माझं आहे. ते म्हणाले, "मग आमच्या पोराचा 'शे' काबरं काढता?" मी म्हटलं, यापुढे काढणार नाही, स्टेजवर 'आहे' कुठे म्हणायचं तेवढं शिकवीन, बाकी त्याचं त्यानं ठरवावं. ते क्लास सोडून जातील असं वाटलं होतं. अजून गेले नाहीत. दुसऱ्या अल्बमची गाणी अर्धवट पडली आहेत. ती तशीच प्रसिद्ध करायची असं आमचं ठरलं आहे, आणि माझा आवाज त्यात मूळ सुरात, थरांच्या वर राहील. तुला ते आवडलं नसतं. पण तो वाद मी आता जिंकला असं समजते, तुझी हरकत नोंदवून.

तू मला जे दिलंस ते मी घाबरत घाबरत घेतलं आणि तुझ्या घरातून त्याची किंमत वसूल केली. तरीही ते दिलंस. त्या दुपारींसाठी मी तुझी ऋणी आहे. आता हे मोठ्यानं म्हणताना माझा आवाज हलत नाही.

हा लेख पाठवण्याआधी मी वैशालीला वाचायला दिला. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं. तू वैशालीला केव्हाच माफ केलं होतंस आणि मलाही केलं असतंस, अशा अर्थाचं. ते मला फार सुंदर जमलं होतं. वैशालीनं संपूर्ण लेख वाचला, त्या वाक्यावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद मला परत दिले.

"ह्यांच्या वतीनं तुम्ही एकदा बोललात, ताई," ती म्हणाली. "आता नको."

मी ते वाक्य काढलं आहे.